हुक कंपनीचाच
आज अख्खा दिवस इंदूरच्या देवास नाक्यावर गेला. धाकट्या भावाने केटरिंगचा ट्रेलर ओढायला पिकअप घेतली आहे, तिच्या सामानाची खरेदी होती. शोरूमपेक्षा बऱ्याच कमी पैशात ट्रेलर जोडायचा हुक वेल्ड करून देणारे तिथे पुष्कळ. भाऊ तयार होता, मी मात्र कंपनीच्याच हुकवर अडून बसलो.

हुक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, नेमून दिलेल्या जागी, ठरलेल्या बोल्टनेच बसला पाहिजे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० टक्के भार कायम त्याच्या बॉलवर, म्हणजे टोकाच्या गोळ्यावर, असतो, आणि ब्रेक मारला की मागचा सगळा धक्का तिथेच येतो. बॉलचं मापही बघायलाच हवं. एक ५० मिमीचा, दुसरा दोन इंची म्हणजे ५०.८ मिमीचा. डोळ्यांना फरक कळत नाही, पण दोन इंची कपलर (ट्रेलरची बॉलवर बसणारी खोबण) ५० मिमीच्या बॉलवर सैल बसतो. असं जोडलेलं ओझं घेऊन घाट उतरायचा? माझी तरी छाती होणार नाही.

वायरिंगही कंपनीचंच घेतलं. ट्रेलरच्या दिव्यांसाठी मूळ वायर कापून जोड दिला की पुढे वॉरंटीवरून वाद होऊ शकतो.

बाकी ताडपत्री, सीट कव्हर, मडफ्लॅप खुशाल बाजारातून घ्या. रुंद आरसेही बाहेरचेच घेतले, कारण ट्रेलर पिकअपपेक्षा रुंद आहे आणि मूळ आरशांत मागचं काही दिसत नाही.

हुक सुटलाच तर ट्रेलर धरून ठेवणारी सेफ्टी चेन अजून घ्यायची आहे. इंदूरमध्ये चांगली, वजन सोसण्याची क्षमता कोरलेली चेन कुठे मिळते, माहीत असेल त्यांनी नक्की सांगा.