पाच कागद

रविवार, रात्र

लेक झोपली आहे. तिच्या दप्तरातले आजच्या स्पर्धेचे पाच कागद काढून मी बुद्धिबळाच्या पटावर एकेक चाल मांडत बसले आहे. खेळ चालू असताना पालकांना सभागृहात सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण सात वर्षांचं आपलं मूल आत एकटं काय करत होतं, हे कळायला मग एवढाच मार्ग उरतो. आयोजकांनी चाली लिहायला लावल्या, याचं आज फार बरं वाटतंय.

पहिला कागद चार ओळींचा. चौथ्या ओळीत फक्त पांढऱ्याची चाल: वजिराने एफ ७ वरचं प्यादं मारून मात. पाठीशी सी ४ वर उंट होताच. हा सापळा आम्ही घरी कितीदा पाहिला होता, तरी काळ्याकडून खेळणारी ही त्यात अडकली! दुसऱ्या डावात समोरच्या मुलाने वजीर फुकट गमावला, तो डाव तिने जिंकला.

तिसऱ्या कागदापाशी मी बराच वेळ थांबले. समोरच्याचा एकटा राजा ए ८ च्या कोपऱ्यात, बाकी सगळी सोंगटी हिने टिपलेली. आणि शेवटची चाल, वजीर सी ७. राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. ए ७, बी ७, बी ८ तिन्ही वजिराने रोखलेली. स्टेलमेट. दोघांना अर्धा-अर्धा गुण.

प्रत्येकी ३० मिनिटं होती, त्यातली तिची २२ शिल्लक होती. या वयाची मुलं अशीच खेळतात, समोरच्याची चाल झाली की यांचा हात पटावर. हे ठाऊक असूनही मी दारातच बोलून गेले, "अगं, वजीर असताना डाव सुटतो कसा?" तिचे डोळे भरून आले. ते वाक्य माझ्या तोंडून निघायला नको होतं. दिवसभर तेच टोचत राहिलं.

स्विस पद्धतीत पुढच्या फेरीला साधारण तेवढेच गुण असलेला खेळाडू समोर येतो. दीड गुणावर तिला एक तयारीची मुलगी मिळाली आणि तो डाव गेला. त्यानंतर ती जिन्याच्या पायरीवर बोटाने चौकटी काढत बसली होती. मला वाटलं, रुसली आहे. मी जवळ जाऊन बसले, बोलले काहीच नाही.

पाचवा डाव ती जिंकली. एकूण अडीच गुण. पण हा कागद मांडताना मी अडखळले. काळ्याचं एच ७ वरचं प्यादं कोणाच्याही आधाराशिवाय उभं होतं, तिचा वजीर ते सहज मारू शकत होता. तिने मारलं नाही. तो एच ६ खेळला, मग एच ५, मग एच ४, आणि ही आपली राजाला शांतपणे कडेला ढकलत राहिली. सकाळी उठली की विचारायचं, फुकटचं प्यादं का सोडलं, असं मनाशी ठरवलंही.

मग तिसरा कागद पुन्हा हातात घेतला. तिथे त्याचं एक प्यादं जरी हलण्यासारखं उरलं असतं, तर स्टेलमेट झालाच नसता.

पायरीवर ती हेच मांडत होती.