व्हॉल्टपलीकडचे जिम्नॅस्टिक्स

१४ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, एरवी दहाच्या ठोक्याला दिवे मालवणारे माझे सासरे, दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदनाला जायचे असूनही टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हते. रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून घ्यायच्या उडीची, अंतिम फेरी सुरू होती आणि त्या आठ जणींत आगरतळ्याची दीपा कर्माकर होती. स्पर्धा संपली तेव्हा दीपाचे १५.०६६ गुण झाले होते आणि कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या गिउलिया स्टाइनग्रूबरचे १५.२१६. "थोडक्यात गेलं गं," एवढेच म्हणून सासरे झोपायला गेले. ते ‘थोडक्यात’ म्हणजे नेमके किती, हे मला कळले ते पुढे काही वर्षांनी मुलीला जिम्नॅस्टिक्सला घातल्यावर.

प्रत्येक कसरतीला दोन प्रकारचे गुण मिळतात. एक काठिण्याचे, म्हणजे खेळाडूने किती अवघड गोष्ट हाती घेतली याचे. दुसरे सादरीकरणाचे, जे दहापासून सुरू होतात आणि प्रत्येक चुकीगणिक कमी होत जातात. उतरताना पाऊल किंचित सरकले तर ०.१, मोठे पाऊल पडले तर ०.३, खोल बैठकीत गेले तर ०.५ आणि पडले तर पूर्ण एक गुण जातो. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन उड्यांची सरासरी काढतात, त्यामुळे ०.१५० चा फरक म्हणजे दोन्ही उड्या मिळून ०.३०० चा फरक. दीपाच्या प्रोदुनोव्हा उडीचे काठिण्य त्या वेळी ७.० होते. हात टेबलावर टेकून पुढच्या दिशेने हवेत दोन कोलांट्या घ्यायच्या आणि उतरण्याच्या क्षणी जमीन नीट दिसत नसताना पायांवर यायचे, अशी ती उडी आहे. दीपा पायांवर आली, पण इतक्या खोल बैठकीत की तिथेच गुण गळाले. म्हणजे पदक गेले ते उतरण्यात, उडीत नव्हे.

त्या रात्रीचे हे आकडे अनेकांना पाठ आहेत. मला मात्र त्याच ऑलिंपिकच्या पात्रता फेरीतले दीपाचे गुण अधिक बोलके वाटतात: व्हॉल्टला १५.१००, बीमला (अरुंद तुळईवरच्या कसरतींना) १२.८६६, फ्लोअरला (जमिनीवरच्या कसरतींना) १२.०३३ आणि अनइव्हन बार्सला (उंच-सखल दोन दांड्यांवरच्या कसरतींना) ११.६६६. तीच मुलगी, तोच दिवस, पण एका साधनावर जगातल्या पहिल्या आठांत आणि चारही साधने मिळून एक्कावन्नावी. ही काही तिची एकटीची गोष्ट नाही. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत दीपाने मिळवलेले कांस्य, २०१८ मध्ये मेलबर्नच्या विश्वचषक स्पर्धेत अरुणा रेड्डीने मिळवलेले कांस्य, २०१९ आणि २०२२ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत प्रणती नायकने मिळवलेली कांस्ये, २०२४ मध्ये ताश्कंदला दीपाने मिळवलेले आशियाई सुवर्ण: भारतीय मुलींची ही सगळी पदके व्हॉल्टची आहेत. ग्लासगोच्या त्याच स्पर्धेत इंग्लंडच्या क्लॉडिया फ्रॅगपेनने व्हॉल्टचे सुवर्ण जिंकले, आणि त्यासोबत फ्लोअरचे, चारही साधने मिळून विजेतेपदाचे व सांघिकही. ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

आपल्या मुली व्हॉल्टवरच का चमकतात, याचे माझ्यापुरते उत्तर मला पुण्यातल्या एका सभागृहाच्या कडेला बाकावर बसून मिळाले. व्हॉल्टची पाळी धावण्यासकट काही सेकंदांत संपते, त्यामुळे रांग भराभर पुढे सरकते आणि एकाच साधनावर पुष्कळ मुलींचा सराव होतो. बार्सवर एक मुलगी चढली की बाकीच्यांनी हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड लावून उभे राहायचे. खालची दांडी १७० सेंटिमीटरवर, वरची २५० वर. एकीवरून दुसरीवर झेप घेताना सगळा भार तळहातांवर येतो, आणि हातांना फोड येऊन ते बरे होईपर्यंतचे दिवस वाया जातात ते वेगळेच. बीम तर १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच. त्यावर दीड मिनिटाच्या आत उड्या, गिरक्या, कोलांट्या सगळे बसवायचे असते. हे सारे पायांच्या ताकदीवर निभत नाही. त्याला वर्षानुवर्षांच्या पाळ्या लागतात.

पुणेकरांना इथे मल्लखांब आठवतो, आणि तो आठवल्यावाचून आम्ही कुठलीही चर्चा पुरी करत नाही. लहानपणी मी स्वतः दोरीचा मल्लखांब केला आहे, त्यामुळे ‘आपल्याकडे हे पेशव्यांच्या काळापासून आहे’ हे वाक्य मी अभिमानाने ऐकत आले. लवचिकता आणि उंचीची भीती मोडणे, एवढे त्यातून नक्की मिळते. परंतु दोरीवर माझी सारी भिस्त पायाच्या अंगठ्याच्या पकडीवर आणि पायांनी दोरी आवळून धरायच्या अढीवर असे. बार्सवर पायांनी काही धरायचेच नसते. शिवाय दोरीवरून मी सावकाश घसरत खाली येत असे, इथे झेप घेऊन उतरायचे आणि उतरल्यावर हलायचे नाही. माझ्या मुलीला माझा वारसा फारसा उपयोगी पडला नाही, हे मी आता मान्य केले आहे.

तिच्या वर्गात पंचवीस मुली आहेत आणि बार्सची जोडी एकच. सर मनापासून शिकवतात, पण घड्याळाला तेही काही करू शकत नाहीत. गेल्या शनिवारी मी मुद्दाम मोजले: दोन तासांत तिला व्हॉल्टवर अठरा पाळ्या मिळाल्या आणि बार्सवर पाच. घरी आल्यावर सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय, आज किती व्हॉल्ट मारले?"

"आजोबा, आज बार्सवर पाच वेळा चढले," ती म्हणाली आणि तळहात पुढे करून त्यांना नवा फोड दाखवू लागली.