येऊरच्या बांधावर पाच तास: पावसाळी वनस्पतींच्या नोंदी घेताना

सप्टेंबरचा दुसरा रविवार. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून येऊरची सकाळची बस धरली की आठच्या आत वर पोचता येते, आणि पोचायलाच हवे. केना या पावसाळी रोपट्याची निळी फुले दुपारच्या आत मिटून विरघळतात. अकराला गेलात तर पाकळ्यांच्या जागी ओलसर गोळा तेवढा दिसतो. वाट साधी ठेवली होती: पाटोणपाड्याकडून भातखाचरांच्या बांधाने, मग ओहोळाच्या काठाने जंगलाच्या कडेपर्यंत आणि त्याच वाटेने परत. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, वेळ पाच तास. यापेक्षा जास्त चाललात तर नोंदी कमी होतात.

आधी परवानगीचे. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची बाजू. उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचे नाही, गळलेले फूल खिशात घालायचे नाही, कंद तर मुळीच उकरायचा नाही. ही फेरी म्हणूनच निव्वळ फोटो, मोजमाप आणि वही यांवर झाली. नमुने गोळा करायचे असतील तर एखाद्या महाविद्यालयामार्फत किंवा संशोधन संस्थेमार्फत वनविभागाकडे अर्ज करा; पावसाळ्यातल्या कामाचा अर्ज उन्हाळ्यातच गेलेला बरा. हद्दीबाहेरच्या खाचरांत ज्याचे शेत त्याला विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नये. या दिवसांत भात पोटरीवर असते आणि ओला बांध ढासळला की खाचरातले पाणी निघून जाते. वायुदलाच्या केंद्राजवळून जाताना कॅमेरा बॅगेत ठेवा.

सामानात तीन गोष्टी विसरू नयेत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी आणि हातरुमालाएवढे काळे कापड. फुलाशेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडा. चलनात २५, २२ आणि २० मिलिमीटर व्यासाची अशी तीन वेगवेगळी रुपयाची नाणी आहेत. ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे कित्येकदा दोन जातींमधला फरक. काळे कापड फुलामागे धरले की बारीक केस उठून दिसतात आणि कॅमेऱ्याचा फोकस मागच्या गवतावर पळत नाही. लिहायला शिसपेन्सिलच घ्या, पेनची शाई ओघळते.

एका झाडाचे किमान सात फोटो हवेत. आजूबाजूच्या जागेसकट पूर्ण झाड, खोडावर पाने कशी लागली आहेत ते, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने, आणि फळ. आंतरजालावर पडून असलेल्या, नाव न लागलेल्या नोंदींमध्ये बहुतेक वेळा फक्त पाचवा फोटो असतो, तोही फार सुंदर. तेरड्याचे घ्या. बांधावर गुलाबी तेरडा उदंड होता. समोरून सगळे तेरडे बहिणी-बहिणी दिसतात. ओळखीला लागते ती फुलामागची बारीक वळलेली शेपटी, तिची लांबी आणि बोंडावरची लव. पिकलेल्या बोंडाला आधी हात लावू नका, फुटून बी उडते आणि बोंडाचा फोटो राहून जातो.

खाचराच्या कडेला, घोट्याएवढ्या पाण्यात गेंद उभे होते: गवतासारखी पाने, टाचणीसारखा दांडा, वर पांढरट गोंडा. ही इरिओकॉलॉन प्रजाती, म्हणजे जीनस. इथे गुडघे टेकून बसण्याची तयारी ठेवा. एकेक गोंडा जेमतेम ४-५ मिलिमीटरचा. त्यात दाटीने बसलेली नर आणि मादी फुले एक-दोन मिलिमीटरची. जात ठरते ती या फुलांच्या दलांची संख्या, त्यांवरचे केस, परागकोशांचा रंग आणि बियांच्या पृष्ठभागावरची नक्षी यांवरून. बियांची नक्षी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून फोटोवरून गेंदाची जात छातीठोकपणे लिहू नये. प्रजातीपर्यंत लिहून थांबावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गेंदाच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या, त्यांतली एक सिंधुदुर्गातल्या वैभववाडीची. गोंडा अगदी छोटा म्हणून नाव इरिओकॉलॉन पार्व्हिसेफॅलम. वरवर पाहता असे रोप नेहमीच्या गेंदात खपून जाते; फुले उकलून पाहिल्यावर वेगळेपण कळते. नवे बहुधा असेच, ‘हे तर आपल्याला माहीत आहे’ म्हणून ओलांडून जातो तिथेच असते.

जाता जाता एक शब्दाचे. शास्त्रीय मराठीत जात म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. ‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी येते तेव्हा बहुतेकदा नवी जात सापडलेली असते. वहीत तरी गल्लत नको.

ओहोळाच्या काठी झुडपावर चढलेली कंदीलपुष्पाची वेल मिळाली. समोरासमोर पाने, देठाशी फुगीर आणि वर नळीसारखे फूल, टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. माशी आत उतरते, केस वाळेपर्यंत अडकते आणि मग परागपुंज घेऊन बाहेर पडते. सेरोपेजियाच्या, म्हणजे कंदीलपुष्पाच्या, जाती ओळखायला तळाच्या फुगवट्यात दडलेले तोरण, म्हणजे कोरोना, पाहावे लागते. त्यासाठी नळी उभी चिरावी लागते आणि परवानगीशिवाय ते करायचे नाही. मग काय करावे? वेलीखालची जमीन तपासावी. गळून फाटलेल्या फुलात कोरोना शाबूत असला तर जागेवरच काळ्या कापडावर ठेवून, पट्टीसकट फोटो घ्यावा आणि फूल तिथेच सोडावे. आम्हाला एक सापडले, पण मुंग्यांनी आतला भाग खाल्लेला होता. नोंद त्यामुळे ‘सेरोपेजिया, बहुधा विंकीफोलिया’ एवढीच. त्या ‘बहुधा’ची लाज वाटू नये, खरा अभ्यासक तिथूनच पुढे काम करतो. आणि या वेलीचा ठावठिकाणा जाहीर करू नका. अनेक कंदीलपुष्पांच्या मुळाशी खाण्याजोगा कंद असतो आणि हौशी लोकही उकरून नेतात. नोंदणीच्या ॲपवर जागा अस्पष्ट ठेवण्याची सोय असते, ती वापरा. नेमके अक्षांश-रेखांश आपल्या वहीत असू द्या.

रानहळदीने मात्र थांबवले. पाड्यावर एकाच नावाने हाक मारतात, पण कुर्कुमाच्या, म्हणजे हळदीच्या प्रजातीच्या, निदान दोन जाती त्या नावात येतात. पिवळी फुले असलेली सुडोमोंटाना, जांभळट फुलांची इनोडोरा. फुले सरल्यावर कणसाच्या वरची गुलाबी छदे, म्हणजे पानांसारखी रंगीत दले, तेवढी उरतात आणि ओळख अवघड होते. शिवाय सुडोमोंटानाचे कणीस पावसाच्या सुरुवातीला पानांच्या बगलेतून स्वतंत्र येते, नंतर पानांच्या मधून. कणीस कुठून निघाले आहे ते दाखवणारा तळाचा फोटो यासाठी हवाच. स्थानिक नाव जरूर लिहा, पण सांगणाऱ्याने झाडाचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कशाला वापरतात असे सांगितले तेही लिहा. शेवळाचे उदाहरण ठाणे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे: जूनमध्ये पान यायच्या आधी फुलोऱ्याचा कोवळा कोंब निघतो, त्याची भाजी होते आणि घशाला खाजू नये म्हणून तीत काकडाची फळे घालतात. आता सप्टेंबरात त्याच जागी नुसती पाने होती. फूल एका महिन्यात, पान दुसऱ्या महिन्यात. दोन्ही एकाच कंदाचे हे सिद्ध करायचे तर जागेची खूण पक्की हवी. शेजारचा दगड, बांधाचे वळण, मोठ्या झाडापासूनची पावले, असे सगळे लिहा.

जीपीएसवर विसंबून भागत नाही. दाट पानोळ्याखाली मोबाइल २०-३० मीटर सहज चुकतो. ॲप उघडल्या उघडल्या नोंद करू नका. अचूकतेचा आकडा १० मीटरच्या खाली येईपर्यंत एक-दोन मिनिटे थांबा. सर्वांत मोठी चूक फोटो घरी येऊन चढवताना होते: जागेची नोंद बंद असलेल्या फोटोंना ॲप कधी घरचाच पत्ता चिकटवते आणि मग सापकांदा थेट वर्तकनगरच्या इमारतीत उगवतो. निघतानाच कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. लावलेली झाडे ‘लागवडीची’ म्हणून वेगळी नोंदवा. रस्त्याकडेचा गुलमोहर रानटी नोंदीत शिरला की सगळी यादी बिघडते. आणि दुसऱ्याने सुचवलेल्या नावाला स्वतः पडताळल्याशिवाय ‘सहमत’ म्हणू नका.

कारवी यंदा फक्त पानांवर आहे. इथे तिचा सामूहिक बहर २०१६ आणि २०२४ मध्ये येऊन गेला. पुढचा आठ वर्षांच्या हिशेबाने २०३२ च्या आसपास. फुलाशिवायही ती ओळखता येते: खरखरीत पाने, दातेरी कडा आणि दांड्यावर बारीक पुळ्या. जुन्या-नव्या यादीत नाव शोधताना गोंधळ होतो, कारण मधल्या काळात ती कार्व्हिया कॅलोसा होती, आता पुन्हा स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा. वहीत लिहिलेले नाव कोणत्या ग्रंथावरून घेतले तेही म्हणून लिहावे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा १९०१ ते १९०८ मधला ग्रंथ वर्णनांसाठी आजही पहिल्यांदा उघडावा, नावे मात्र अलीकडची घ्यावीत.

एखादे झाड कुठेच बसत नसेल तर? घाई करू नका. आसपासची निदान पंधरा-वीस झाडे मोजा. पाण्यात वाढलेले आणि कोरड्या कडेवरचे एकाच जातीचे रोप दुपटीने लहानमोठे असते. मग मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह) किंवा पुण्याचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र इथल्या नमुन्यांशी ताडून पाहायला तज्ज्ञांची मदत मागा. बहुतेक वेळा ती जात माहीत असलेलीच निघते, फक्त आपल्या तालुक्यातून पहिल्यांदा नोंदलेली. तीही मोलाचीच. खरेच नवी असली तर परवानगीने घेतलेला एक प्रमाण नमुना, होलोटाइप, हर्बेरियमात जमा करावा लागतो आणि वर्णन किंवा फरकाची लक्षणे लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध करावी लागतात. लॅटिनची सक्ती १ जानेवारी २०१२ पासून उठली. नमुना साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर बसेल असा, फूल आणि फळ दोन्ही असलेला हवा. पावसाळ्यात दाबलेल्या नमुन्याचे वर्तमानपत्र पहिले चार दिवस रोज बदला. एक दिवस चुकला की बुरशी धरते आणि पाने सांध्यातून गळतात.

सुरक्षिततेचे थोडक्यात. गवतात हात घालण्याआधी काठीने चाचपा, फुरसे पानांच्या रंगात दिसत नाही. घरी आल्यावर गोचिडी तपासा. ओहोळाचे पाणी गढूळ होऊ लागले की वर पाऊस पडतो आहे असे समजून काठावर या. बिबट्याचा वावर आहे, चारनंतर पाड्याच्या बाहेर राहू नका. खाजकुयलीच्या शेंगा दिवाळीनंतर वाळतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट लागेल.

या फेरीत तेरडा, पेव आणि कळलावीच्या फुलांचे फोटो पूर्ण झाले आहेत. फळे एकाचीही धड मिळालेली नाहीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच बांधाने जाणाऱ्यांनी पेवाची लाल बोंडे आणि कळलावीची फुटलेली फळे पट्टीसकट टिपावीत. गेंदाच्या गोंड्यांनाही तोवर बी धरलेले असेल.