ठेवून जावा

‘ठेवून जावा.’

आमच्या पंचायतीच्या खिडकीतून हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की झोपेतही ओळखेन. अर्ज आत सरकवायचा, आतला माणूस मान वर न करता म्हणणार, ‘ठेवून जावा.’ त्यात राग नसतो, अपमानही नसतो, आवाज अगदी साधा असतो. माणूस नमस्कार करून पायऱ्या उतरतो आणि त्याच्या अर्जाचं पुढं काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला लागून. भाताचं गाव. सुगी संपली, मळणी उरकली की जानेवारीच्या अखेरीपासून मिरगापर्यंत हाताला काम नाही. घाटाकडची माणसं, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाची, पिढ्यान्‌पिढ्या गोव्याला जातात. आमच्यातलीही जातात. राहिलेली वीटभट्टीवर.

2014 च्या फेब्रुवारीत आम्ही अकरा बायकांनी रोजगार हमीचं काम मागितलं. इकडं तिला कन्नडमध्ये ‘उद्योग खात्री’ म्हणतात. अर्ज मी लिहिला. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पण कन्नड विषय होता आणि हायस्कूलला तो चांगला रुळला, म्हणून गल्लीत कुणाला काही कन्नड लिहायचं असलं की माझ्याकडं येतात. अर्ज दिला. ‘ठेवून जावा.’ ठेवून आलो.

तीन आठवड्यांनी विचारायला गेलो तर उत्तर आलं, असा अर्ज आलेलाच नाही.

आमच्याकडं दाखवायला काय होतं? काहीच नाही. अकरा जणी एकमेकींच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिलो. त्यातल्या दोघी पुढच्याच आठवड्यात गोव्याला गेल्या. एक जण नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली, दुसरीतल्या पोराला बरोबर घेऊन. घरात म्हातारं माणूस नव्हतं, पोराला ठेवणार कुणाजवळ? परीक्षा बुडाली. जूनमध्ये परत आला तेव्हा तो वर्गात शेवटच्या रांगेत गप्प बसायचा, मास्तरांनी नाव घेतलं तरी उभा राहायचा नाही. त्या पोराचं वर्ष एका हरवलेल्या कागदापायी गेलं असं मी आजही मानते. दारिद्र्य होतंच, पण काम मिळण्याचा कायदाही होता आणि तो आमच्या हातात आला नाही.

त्या पावसाळ्यात बेळगावला बायकांच्या एका बैठकीला गेले होते. तिथं एका कार्यकर्तीनं कायदा वाचून दाखवला. काम मागितलं की तारखेची पोच द्यायची, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम. नाही दिलं तर बेकारी भत्ता: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, त्यानंतर निम्मा. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत, त्यापलीकडं नेलं तर दहा टक्के जादा. मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि ‘पोच’ शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? पोचेवरच्या तारखेपासून. ती तारीखच नसेल तर पंधरा दिवस कधी सुरूच होत नाहीत. ‘ठेवून जावा’मध्ये नेमकी ती तारीख गिळली जाते.

पुढच्या वर्षी आम्ही सतरा जणी गेलो. अर्ज दिला. ‘ठेवून जावा.’ मी म्हटलं, पोच द्या. तो म्हणाला, साहेब नाहीत. आम्ही व्हरांड्यात बसलो. भाकरी बांधून नेली होती. दुपारी बाजूच्या गावचा एक जण हसून म्हणाला, ‘कशाला बसलाईसा, घरला जावा की.’ कुणी उठलं नाही. चारच्या सुमाराला पीडीओ आले, पंचायतीचे विकास अधिकारी. तरुण पोरगा, गोकाकच्या बाजूचा, मराठी येत नाही. मी कन्नडमध्ये सांगितलं. त्यानं अर्ज दोनदा वाचला, मग मला म्हणाला, ‘अक्का, माझ्याकडं तीन पंचायतींचा चार्ज आहे. आज इथं, उद्या तिथं. तुमचं बरोबर आहे.’ आणि आमच्या प्रतीवर सही करून, तारीख घालून शिक्का मारला. त्या पोराबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. तीन गावांचा कारभार एका माणसाच्या मोटारसायकलवर टाकायचा आणि मग पंचायत चालत नाही म्हणून ओरडायचं, हे मला पटत नाही.

तेराव्या दिवशी तळ्यातला गाळ काढायचं काम निघालं.

हे आठवलं की मला नेहमी विसापूर आठवतं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं गाव. 1965 साली वि. स. पागे यांनी तिथं रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावांवर गेली, आणि 1977 मध्ये महाराष्ट्रानं त्याचा कायदा केला. काम देणं ही सरकारची मेहेरबानी नव्हे, मागणाऱ्याचा हक्क आहे, हे मराठी माणसांच्या घामातून कायद्यात आलं. 2005 मध्ये तो विचार साऱ्या देशाचा झाला. आमच्या दारी तो कन्नड कागदावर आला, ‘नमुना ६’ होऊन. आपल्याच घरचं दाणं शेजाऱ्याच्या मापानं परत आल्यासारखं मला वाटलं. दाणं तर आपलं आहे, मग माप वाचायला शिकलं पाहिजे.

भाषेबद्दल मनात आहे ते स्पष्टच लिहिते. बाबांच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचा जमिनीचा एक उतारा आहे, मुंबई राज्यातला, 1956 च्या आधीचा, मराठीत. बाबा तो अडखळत का होईना वाचतात. आता ‘भूमी’ आली, कर्नाटकातले सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर गेले, तलाठ्याच्या दारात खेपा घालायच्या बंद झाल्या. केवढी मोठी सोय! पण छापून येणारा कागद कन्नड, आणि स्वतःच्या जमिनीचा कागद बाबा मला वाचायला देतात. सीमेचा दावा महाराष्ट्रानं 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात घातला, आम्ही वाट बघतोय. अल्पसंख्याक भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हा देशानं ठरवलेला संकेत आहे. आमच्या गल्लीत पंधरा टक्के काय, दर उंबऱ्यात मराठी आहे. मराठी नमुना मिळाला पाहिजे ही मागणी मी दर ग्रामसभेत लिहून देते आणि देत राहीन.

पण मराठी नमुना येईपर्यंत आमच्या बायकांनी हात बांधून बसायचं का? मी घरी रात्री सात-आठ जणींना कन्नड अक्षरं शिकवायला लागले. पहिल्याच रात्री एक गंमतीची गोष्ट सापडली. नमुना मोठ्यानं वाचून दाखवला तर अर्धे शब्द त्यांना आपसूक कळले. अर्जी, सही, तारीखु, मोहरु, दाखले, खाते, कचेरी, जमीनु. शब्द ओळखीचे, अडलं होतं ते लिपीपाशी. आमची एक मावशी, साठीच्या पुढची, एकदम म्हणाली, ‘ह्ये तर आपलंच बोलणं हाय की गं, नुसतं गोल गोल लिवलंय.’ एक शब्द मात्र अडवतो. पोचेला कन्नडमध्ये ‘स्वीकृती’ म्हणतात. मराठीत स्वीकृती म्हणजे मान्यता, म्हणून बायकांना वाटायचं की कागद मिळाला म्हणजे काम मंजूरच झालं. तो फरक समजावायला दोन रात्री गेल्या.

माझी थोरली काकी 1987 मध्ये मंडल पंचायतीवर निवडून आली होती. अब्दुल नझीर साब तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. गावोगाव बोअरवेल काढून पाणी दिलं म्हणून लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणायचे. त्यांच्या कायद्यानं बायकांना पंचायतीत पंचवीस टक्के जागा मिळाल्या, देशभर एक तृतीयांश आरक्षण व्हायच्या कितीतरी आधी. काकीला सही येत नव्हती. ती बैठकीला जायची, पदर घेऊन कोपऱ्यात बसायची, अंगठा करून यायची. पण गल्लीत बोअर कुठं मारायची यावर ती एकदा बोलली आणि हरिजन केरीच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशी मारा म्हणाली, पाटलांच्या परड्यात नको. बोअर केरीच्या तोंडाशीच पडली. तिला लागलेलं पाणी मी स्वतः भरलेलं आहे. ‘आरक्षणानं काय होतं’ असं कुणी विचारलं की मी त्या बोअरजवळ नेऊन उभं करते.

तळ्याचं काम सुरू झालं तेव्हा बाप्यांना आणि बायकांना एकच मजुरी. शेतावर कधीच अशी मिळत नाही. पैसे बायकांच्या स्वतःच्या खात्यावर. पहिल्या महिन्यात एकीच्या नवऱ्यानं पासबुक मागून घेतलं, दुसऱ्या महिन्यात तिनं ते माझ्याकडं ठेवलं, तिसऱ्या महिन्यापासून तिच्या उशाला असतं. वीटभट्टीवर गेलेली ती बाई त्या उन्हाळ्यात गेली नाही. पोरगा शाळेत राहिला. आता तो बेळगावला डिप्लोमा करतोय.

माझी धाकटी बहीण चंदगड तालुक्यात दिली आहे. आमच्या घरापासून तिचं घर चालत तासाभराचं. जून 2023 पासून मी बसमधून फुकट जाते, तिला तिकडच्या एसटीत निम्मं तिकीट. मला घरची कर्ती बाई म्हणून महिन्याला 2,000 येतात, तिला लाडकी बहीण म्हणून 1,500. 2025 च्या एप्रिलपासून आमची रोजगार हमीची मजुरी दिवसाला 370 झाली, तिकडं 312. एका आईच्या दोन पोरी. सणाला भेटलो की हिशेब निघतोच, आणि आई शेवटी विचारते, ‘पर मिळालं न्हाई तर इचारायचं कुणाला?’ दोघींकडंही त्याचं उत्तर नसतं. पैसे आले तर आले. थांबले तर बँक म्हणते आधारचं बघा, आधारवाला म्हणतो कचेरीत बघा, कचेरी म्हणते वरून यायला पाहिजे. विचारलं याचा कागद कुठंच मिळत नाही. मदत मोठी आहे, आमच्या घराला तिचा आधार आहे. तरी पोच नसलेली मदत कधी थांबेल याची धास्ती मनात राहते. म्हणून कर्नाटकचा ‘सकाल’ कायदा, सरकारी कामं ठरल्या मुदतीत करून देण्याचा, मला मोलाचा वाटतो. 2012 पासून त्यात आलेल्या कामांना अर्ज देताच नंबर मिळतो, मुदत ठरलेली असते, आणि उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये भरपाई मागता येते, जास्तीत जास्त पाचशे. रक्कम लहान आहे. तरी उशिराला किंमत लागली हे लहान नाही.

गेली चार वर्षं कामावर मी ‘कायक बंधू’ आहे, म्हणजे हजेरी घेणारी. आधी कागदावर हजेरी होती, बाई स्वतः सही करायची, आपले दिवस आपण मोजायची. 1 जानेवारी 2023 पासून मोबाईलवर हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो काढून पाठवायचे. आमच्या कामाची जागा जंगलाच्या कडेला, नेटवर्क टेकडीवर. फोटो काढायचा, टेकडी चढायची, तो जाईपर्यंत फोन वर धरून उभं राहायचं. चोरी रोखायला हे केलं असं सांगतात, आणि खोटी हजेरी लागत होती हे खरंच आहे. पण फोटो वर जातो तेव्हा खाली उभ्या असलेल्या बाईच्या हातात काय राहतं? आज तुझी हजेरी लागली, असं तिला कुणी सांगत नाही. सहीची जागा गेली आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही.

2025 च्या मार्चमध्ये चार दिवसांचे दुपारचे फोटो गेले नाहीत. तेवीस बायका. तेव्हाच्या 349 च्या दरानं प्रत्येकीचे 1,396 रुपये, सगळ्यांचे मिळून 32,108. खोदलेले चर तिथंच आहेत, कुणीही येऊन टेप लावावी. पण यंत्रात ते दिवस नाहीत. बायका मला काही बोलल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. मी रात्री वहीतून चारही दिवसांची नावं उतरवली. सगळी सहा-सहा वेळा मोजून खात्री केली आणि तक्रार लिहिली.

तालुक्याला आम्ही पाच जणी गेलो. खिडकी वेगळी, आतला माणूस वेगळा. कागद आत गेला. आतून आवाज आला, ‘ठेवून जावा.’

मी तोंड उघडायच्या आत मागून मावशी पुढं आली, तीच, गोल गोल अक्षरंवाली. खिडकीच्या गजाला हात धरून म्हणाली, ‘स्वीकृती कोडी.’ पोच द्या. सरळ उच्चार, न अडखळता. आतल्या माणसानं मान वर केली. शिक्का शोधायला त्याला थोडा वेळ लागला.

तक्रार नोंदवून सात दिवसांत निकाली काढायची, असं कायद्याचं कलम आहे. पोचेवर तारीख आहे. आज नववा दिवस. उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही परत जातोय, या वेळी तेवीसही जणी.