वय एका खात्याला दिसतं, मशीन दुसऱ्याला

अमेरिकेतल्या एका केसमध्ये कोर्टाला दिलेली माहिती वाचली आणि डोकंच गरगरलं. 14 वर्षांचं एक पोर रात्री 11 ते पहाटे 5 मांस कापायची मशीन्स धुवायला जायचं, आठवड्यातले पाच-सहा दिवस, डिसेंबर 2021 ते एप्रिल 2022. आणि तिकडे शाळेच्या रेकॉर्डमध्ये नोंद होती की हे पोर वर्गात झोपतं, नाहीतर येतच नाही. म्हणजे पोराच्या झोपेची नोंद एका ऑफिसात आणि झोप का होत नाही त्याची नोंद कंपनीच्या हजेरीत, आणि या दोन कागदांची गाठ पडली ती थेट कामगार खात्याने चौकशी सुरू केल्यावर.

फेब्रुवारी 2023 मध्ये खात्याने आकडा सांगितला : 8 राज्यांतल्या 13 मांसाच्या प्लांटमध्ये मिळून 102 मुलं, वय 13 ते 17, सगळी रात्रपाळीच्या सफाईला. त्यांना कामाला ठेवणाऱ्या या सफाई कंपनीला 15 लाख डॉलर दंड झाला. काही मुलांना सफाईच्या केमिकलने भाजलं होतं, त्यात एक तर 13 वर्षांचं. भाजलेला हात काय लपून राहतो का? घरात, वर्गात, डॉक्टरकडे, कुणीतरी तो बघितला असणारच की.

आता यावर सगळ्यात सोपी रिअ‍ॅक्शन म्हणजे कायदे कडक करा. पण कायदा तर 1938 पासून आहे! फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टखाली 18 च्या आतल्यांनी फोर्कलिफ्ट चालवायची नाही, मांसाचा स्लायसर चालवायचा नाही, छपरावरची कामं नाहीत, अशी धोक्याच्या कामांची चांगली लांबलचक यादी आहे. घोळ वेगळाच आहे. मुलांचं वय आणि कामाचे तास बघतं ते वेज अँड अवर डिव्हिजन, आणि मशीनला गार्ड आहे का, पट्टा-दोरी आहे का हे बघतं ओशा, म्हणजे कामाच्या जागेच्या सुरक्षेचं ऑफिस, जे 1970 च्या कायद्याने आलं. ही दोन्ही ऑफिसं एकाच कामगार खात्यात आहेत बरं का. पण ओशाचा इन्स्पेक्टर आला तर तो मशीन बघणार, चालवणारा सोळाचा की सव्वीसचा हा त्याचा विषय नाही, आणि वेज अँड अवरवाला पगाराचं रजिस्टर बघणार, जिथे वयच खोटं लिहिलं असलं की संपलं. त्यात भर म्हणजे राज्याची वेगळी खाती, शाळा, हॉस्पिटलं, नुकसानभरपाईचा विमा, आणि प्रत्येकाकडे एकच तुकडा.

2010 मध्ये इलिनॉयमधल्या माउंट कॅरोलला हेच झालं. मक्याच्या भल्यामोठ्या कोठीत पोरांना उतरवलं होतं, चिकटलेला मका पायाने मोकळा करायला, खालून मशीन चालू, अंगाला दोरी नाही. 14 वर्षांचा एक आणि 19 वर्षांचा एक, दोघं मक्यात गाडले जाऊन गेले. नंतर ओशाने सुरक्षेचा दंड लावला आणि वेज अँड अवरने बालकामगार कायद्याचा, दोघांनी आपापलं काम अगदी चोख केलं, पण कधी, तर सगळं झाल्यावर. 

लोक म्हणतात की या वयातली पोरं बेफिकीरच असतात, लागणारच. मला हे पटत नाही. टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थचा अभ्यास आहे की कामाच्या पहिल्या महिन्यात रजा घ्यावी लागेल अशी इजा होण्याचा धोका एक वर्षाहून जुन्या कामगाराच्या तिपटीहून जास्त असतो, आणि हे सगळ्या वयांना लागू आहे. पोरं तर बऱ्याचदा पहिल्या महिन्यातच असतात, सुट्टीपुरतं काम, मग दुसरीकडे, परत नवीन. वर मोठ्या माणसाच्या मापाचे ग्लोव्हज, आणि "हे कसं करायचं" विचारलं तर काढून टाकतील ही भीती. लागलं तरी सांगत नाहीत, रुमाल बांधून शिफ्ट पूर्ण करतात.

मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र बरीच वर्षं एक वेगळी गोष्ट चालू आहे आणि मला खरं तर त्याच्याचबद्दल लिहायचं होतं. तिथलं सार्वजनिक आरोग्य खातं हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतून आणि विम्याच्या दाव्यांमधून 18 च्या आतल्यांच्या कामावरच्या इजा वेगळ्या काढतं, आणि नुसता आकडा मांडून थांबत नाही तर जखमी झालेल्या पोरांपैकी काहींशी बोलतं पण : काय करत होतास, कुणी शिकवलं होतं का, जवळ मोठं कुणी होतं का. बऱ्याच जणांना ट्रेनिंग मिळालेलंच नसायचं. मग ही माहिती एका टीमसमोर जाते, त्यात बालकामगार कायदा राबवणारं अ‍ॅटर्नी जनरलचं, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाचं, ऑफिस, राज्याचं कामगार खातं, शिक्षण खातं, ओशा, वेज अँड अवर असे सगळे. त्या राज्यात नियम आहे की रात्री 8 नंतर अल्पवयीन मुलांजवळ कामाच्या जागी मोठा सुपरवायझर हजर पाहिजे. असले नियम टेबलावर बसून सुचत नाहीत, रात्री एकट्या पोरांचं काय होतं हे कुणीतरी आधी ऐकलेलं असावं लागतं.

आणि तिथला वर्क परमिटचा कागद मला फार आवडतो. मालकाने काम काय ते लिहायचं, आईवडिलांची सही, 14-15 चं पोर असेल तर डॉक्टरची पण सही, आणि परमिट देणार शाळेचं ऑफिस. एका साध्या कागदावर चार जणांना बघायला लावलंय. कल्पना नवीन नाही, आपल्याकडच्या 1948 च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये पण पोरगं कामाला फिट आहे असं सर्टिफाइंग सर्जनचं सर्टिफिकेट लागायचं, 12 महिन्यांपुरतं.

आणि हाच कागद लोकांना कटकट वाटतो! मार्च 2023 मध्ये आर्कान्सा राज्याने 16 च्या आतल्या मुलांचं परमिट रद्द करून टाकलं, त्या 102 मुलांची बातमी येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. कारण काय तर आईवडिलांवर सरकारी कागदांचं ओझं नको. तिकडे राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्याच सुमाराला वेगवेगळ्या खात्यांचा एकत्र टास्क फोर्स बसवत होते, माहितीची देवाणघेवाण करू म्हणून. एकीकडे कमिटी बसवायची आणि दुसरीकडे कमिटीला लागणारा कागदच फाडायचा, हे काही मला झेपलं नाही.

कमिट्यांबद्दल मला तसा फार उत्साह नाहीच. फोटो, पोस्टर, वर्षातून दोन मीटिंग, संपलं. उपयोग होतो तो खालच्या लेव्हलला, म्हणजे ओशाच्या इन्स्पेक्टरला लहान दिसणारं पोर मशीनवर दिसलं तर नेमकं कुणाला कळवायचं हे त्याला पाठ असणं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर सोळा वर्षांच्या पोराच्या व्यवसायासमोर "विद्यार्थी" लिहिलं की विषय संपतो, तिथे "हे कामावर लागलं का" एवढं विचारणं. शिक्षकांना झोपाळू पोराला ओरडण्याआधी रात्री कुठे असतोस हे विचारायला सांगणं.

पण माहिती वाटायची म्हटलं की एक मोठा धोका पण येतो. त्या सफाईच्या केससारख्या ठिकाणी बरीच मुलं स्थलांतरित घरांतली असतात, त्यांना वाटलं की डॉक्टरला सांगितलेलं थेट पोलिसांकडे किंवा इमिग्रेशनकडे जातं तर ती डॉक्टरकडेच जाणार नाहीत, आणि मग आपल्याकडे जो तुकडा होता तोही गेला. म्हणून इजा कुठे आणि कशी झाली हे सगळ्यांना, पोराचं नाव-पत्ता कुणालाच नाही, अशी भिंत आधी बांधायला लागते, आणि ती खरंच आहे हे पोरांना पटेल असं कुणीतरी सांगायला लागतं. ते कोण सांगणार यावर मात्र कुठल्याच खात्याचं नाव लिहिलेलं नसतं.