तुम्ही विचारलंत म्हणून: नाव नसलेली कबर शोधायची कशाला?

अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यात मी कुठे झुडपांत शिरताना दिसले की कुणी ना कुणी विचारतंच. रिक्षावाले विचारतात, वाडीचे राखणदार विचारतात, इस्राएलमधल्या अश्दोदहून फोनवर मामाही विचारतो. "दगडावर नाव नाही, तारीख नाही. ती आपल्याच माणसाची कबर हे कशावरून? आणि सापडली समजा, तर पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. उभ्या उभ्या दिलेल्या अर्ध्यामुर्ध्या उत्तरांनी ना त्यांचं समाधान होतं ना माझं, म्हणून एकदा नीट सांगते.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. घराघरात सांगितली जाणारी हकीकत अशी: आमचे पूर्वज गलबतातून चौल बंदराकडे येत होते. खांदेरी-उंदेरीच्या आसपास गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढे जिवंत नवगावच्या किनाऱ्याला लागले. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली आणि ती तिथेच पुरली, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्या. हे कधी घडलं यावर एकमत नाही. कुणी ख्रिस्तपूर्व काळ सांगतं, कुणी त्यानंतर कित्येक शतकांनी. २०१६ साली एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आमच्या रक्तात इतर यहुद्यांशी जुळणारा वारसा आणि भारतीय वारसा, दोन्ही आढळले. गलबताची हकीकत त्याने सिद्ध होत नाही. पण आमचे काही पूर्वज बाहेरून आले आणि इथल्यांत मिसळले, एवढं मला त्यातून पुरेसं कळतं.

म्हणजे आमच्या इतिहासाची सुरुवातच बिननावाच्या कबरींपासून होते. नवगावला आता स्मारकस्तंभ आहे, लोक तिथे जातात, प्रार्थना करतात. खाली कोण आहे ते एकालाही नावानिशी सांगता येत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. माझी शोधाशोध मात्र त्यानंतरच्या लोकांची आहे. गावोगावी घाणे घालून राहिलेले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले, आणि ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव लावून घेतलेले. पेणकर, रोहेकर, थळकर, किहीमकर, झिराडकर. या प्रत्येक आडनावामागे एक गाव आहे आणि बहुतेक गावांच्या कडेला एक कबरस्तान आहे किंवा होतं.

त्या कबरींवर नावं का नाहीत? कारण हिब्रू वाचणारं माणूसच गावात नव्हतं. शतकानुशतकं 'शमा इस्राएल' ही एक प्रार्थना, शनिवार, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम, एवढ्यावर हे लोक यहुदी राहिले. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, समाजी हस्साजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. कोकणपट्टीतली सिनेगॉग त्याच्याही नंतरची: रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३. मला वाचता आले असे कबरींवरचे लेख सगळे त्या सुमाराचे किंवा नंतरचे आहेत, कुठे हिब्रूत, कुठे मराठीत, कुठे दोन्हींत. त्याआधीच्या माणसांच्या डोक्याशी आणि पायाशी एकेक काळा दगड. पाथरवटाला पैसे देऊन अक्षरं खोदून घेणं तेल्याच्या घराला परवडणारंही नसावं, असं मला वाटतं.

आता शोधायचं कसं, ते. आधी कागद. गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात, त्याही मोडीत. मी त्याचसाठी मोडी शिकले. नोंदीत सॅम्युएल शोधून उपयोग नसतो, तिथे समाजी असतो. मोझेस मुसाजी असतो, एलायजा एलोजी असतो. जातीच्या रकान्यात कुठे इस्रायल दिसतं, कुठे नुसतं तेली, आणि मग हा आमचा तेली की दुसरा, हे बापाच्या नावावरून ताडायचं. या नोंदीतून माणूस कुठल्या गावात आणि साधारण कधी गेला ते कळतं. कुठे पुरला ते कळत नाही.

त्यासाठी माणसं लागतात. एका गावात तलाठ्यालाही ठाऊक नव्हतं की इथे असं काही आहे. वाडीत काजू वाळत घालणाऱ्या आजींना विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तेल्यांचे कबरी ना? त्या सुरूंचे मागं हायेत. आमी तिथं गुरं नाय सोडत." त्यांच्या सासूने त्यांना बजावलं होतं, सासूला तिच्या सासूने. आमची शेवटची घरं ते गाव सोडून गेल्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. तरी त्या घरात तो नियम पाळला जात होता. मामाच्या "कशावरून" या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर त्या आजी आहेत. कोतवाल बुकातलं गाव आणि त्यांच्या तोंडची जागा जुळली की माझी खात्री पटते.

प्रत्यक्ष जागेवर जायचं ते गवत वाळल्यावर, माघ-फाल्गुनात. पावसाळ्यानंतर लगेच गेलं तर घाणेरीच्या जाळीत काही दिसत नाही, आणि फुरसं पायाखाली आलं तर तेही दिसत नाही. सकाळी लवकर जायचं, उन्हं तिरपी असतात तेव्हा. भर दुपारी सपाट भासणारा दगड सकाळच्या तिरप्या उजेडात पाहिला की पुसट झालेल्या रेघा सावली धरतात. एका दगडावर मी नुसतं पाणी टाकून मऊ कुंचल्याने शेवाळ काढत बसले होते. तासाभराने एक काना दिसला, मग त्याच्या डावीकडे 'म'चं पोट. पुढे काहीच नाही, दगडाचा तेवढा पापुद्राच निघून गेलेला. "मा" एवढंच. समाजी असेल, कुणाची आमा असेल, आणखी कुणी असेल. कृपा करून तारेचा ब्रश, आम्ल, खडू यातलं काहीही दगडाला लावू नका. उरलेला "मा"सुद्धा जाईल.

आणि सापडल्यावर पुढे काय, यावर माझं आणि नातेवाइकांचं जमत नाही. इस्राएलहून येणाऱ्यांना ग्रॅनाइटची फरशी बसवायची असते, आजोबांच्या आजोबांचं नाव सोनेरी अक्षरांत. प्रेमापोटीच, हे मी जाणते. पण चाळीस दगडांतला एक अंदाजाने उचलून त्यावर नाव घालायला माझा ठाम विरोध आहे. त्याखाली दुसऱ्याच कुणाची आई असेल तर आपण तिची जागा घेतली. नाव नसलेल्या कबरीवर सगळ्यांचा हक्क असतो. ज्याचे पूर्वज त्या गावचे, त्याने तिथे उभं राहून प्रार्थना करावी, ती त्याच्या माणसापर्यंत पोचलीच. दहा पुरुष जमले तर कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणावा. मी बहुतेक वेळा एकटीच असते. मी स्तोत्रं वाचते, निघताना हात धुते.

ग्रॅनाइटचा पैसा कुंपणाला घाला, हे माझं म्हणणं. अलिबागकडे जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचा, झुडपांनी भरलेला, कुणी दिवा न लावलेला तुकडा ओसाडच समजला जातो. सातबाऱ्यावर 'कबरस्तान' ही नोंद आहे की नाही, इतर हक्कांत काय लिहिलंय, फेरफार कधी आणि कुणाच्या नावे झाला, गाव नकाशात ही जागा दाखवली आहे का, हे बघणं कबर शोधण्याइतकंच महत्त्वाचं आहे. एका ठिकाणी मी पोचले तेव्हा तिथे बंगल्याची भिंत होती. दगड जोत्यात गेले असं शेजारी म्हणाले. मालकाला त्या जागेचा पूर्वेतिहास कुणी सांगितलाच नव्हता, आणि सांगणारं आमच्यातलं कुणी गावात उरलं नव्हतं. त्या दिवशी मला फार रडू आलं.

स्वातंत्र्याच्या सुमारास आम्ही वीसेक हजार होतो. १९४८ नंतर माणसं इस्राएलला जात राहिली, आज भारतात मूठभर आहोत. पन्नाशी-साठीच्या दशकांत गेलेली जी मुलं कोकणातल्या आळ्यांमध्ये वाढली होती, ती आता ऐंशी-नव्वदीत आहेत. लोद, रामला, दिमोना, बीरशेबा अशा गावी बसून ती अजून मराठीत आठवणी काढतात. म्हणून मामा, आणि तुम्ही सगळेच, ज्यांच्या घरी असं कुणी आहे: पैसे मागाहून पाठवा. आधी त्यांच्याजवळ बसून विचारा. मयत घरून कुठल्या वाटेने नेत? वाटेत ओढा लागे का? कबरस्तानाच्या कडेला झाड कुठलं होतं, चिंच की सुरू? शेजारची वाडी कुणाची? लहानपणी "तिकडे जाऊ नका" असं कुठल्या बाजूला म्हणत? उत्तरं त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, गावाचं नाव सांगायला विसरू नका. पुढचं मी बघते.