गणपतीनंतरची बैठक

मी कुडाळला फिजिओथेरपी करते. गुडघे, कंबर, लकवा अशा नेहमीच्या पेशंटांबरोबर कोविडनंतर वेगळी माणसं येऊ लागली. कुणाला कोविड झालेला, कुणाला चिकुनगुनिया. ताप कधीच गेला, ताकद मात्र परत आली नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग तसंच, आणि जरा जास्त काम झालं की एक-दोन दिवसांनी माणूस आडवा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२, टीबी, सगळं तपासून झाल्यावर फिजिशियननी एमई/सीएफएस, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा दीर्घकालीन आजार, असं निदान केलेली काही मंडळी आता महिन्यातून एकदा आमच्याच एका पेशंटच्या घरी जमतात. खुर्च्या नसतात. माजघरात चटया आणि उशा टाकतो, ज्याला हवं त्याने झोपून बोलावं. पाऊण तासात उठायचं, मग विषय अर्धा राहिला तरी चालेल. जमत नसेल त्याने फोनवरून ऐकायचं.

यंदाची गणपतीनंतरची बैठक मी विसरणार नाही.

वाडीतली एक सूनबाई पहिल्यांदाच सासूबाईंना घेऊन आली होती. खरं तर सासूबाईच तिला घेऊन आल्या होत्या. आल्याआल्या त्यांनी सुनावलं, "गणपतीत पाच दिस घावणे घालुक बरा होता. चाकरमानी गेले आणि ह्या आडवा पडला!" सून भिंतीकडे तोंड करून पडून होती.

गणपतीनंतर हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि दर वेळी माझा जीव तुटतो. या आजाराची खूणच ती आहे. श्रमाची किंमत लगेच नाही, बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी वसूल होते, आणि मग कित्येक दिवस उठवत नाही. काम करताना सगळ्यांना दिसतं, नंतरचं पडणं 'ढोंग' ठरतं. मी समजावायला तोंड उघडणार, एवढ्यात निवृत्त एसटी कंडक्टर काका पुढे झाले. त्यांनाही हाच आजार आहे.

कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर त्यांच्या खिशात कायम असतो. त्यांनी तो पडलेल्या सुनेच्या बोटाला लावला आणि सासूबाईंना म्हणाले, "वयनी, हयलो आकडो वाचा." नाडी ७८. तिला बाथरूमला जायचंच होतं. ती हळूच उठून भिंतीला टेकून उभी राहिली. ९६. १०८. मिनिटभरात १२१. ओठ पांढरे पडले, तशी मी तिला खाली बसवली.

"मशीन बिघडला असतला," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी तोच ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावला. आडव्या झाल्या तेव्हा ७२, उभ्या राहिल्या तेव्हा ८१. त्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. निरोगी शरीर ते सावरून घेतं, यांच्यातल्या अनेकांचं सावरत नाही, म्हणून हृदय धावत सुटतं. एवढ्यावरून निदान होत नाही, ताप किंवा रक्त कमी असेल तरी नाडी वाढते. पण तिच्या त्या तपासण्या झाल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ सालीच हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत धरला, तरी 'जरा व्यायाम कर, उत्साह येईल' हा सल्ला अजून मिळतो. रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या, हे आमच्या पेशातलं आवडतं औषध. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शनात या आजारासाठी ते देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं. माझ्या टेबलावर आलेल्या या पेशंटांना मी व्यायाम देत नाही. आपली मर्यादा ओळखून दमण्याआधीच थांबायला शिकवते.

सासूबाईंना हे सगळं मी सांगितलं, पण माझं त्यांच्याकडे फार लक्ष नव्हतं, आणि त्यांचं माझ्याकडे. शेजारच्या चटईवरच्या शिक्षिका त्यांना सांगत होत्या, भाकऱ्या स्टुलावर बसून कशा करायच्या, एका दिवशी कपडे धुतले तर अंगण दुसऱ्या दिवशी कसं ठेवायचं, आंघोळीनंतर अर्धा तास पडणं कसं चुकवायचं नाही. सासूबाई एकेक गोष्ट परत विचारून घेत होत्या.

पाऊण तास संपला, चटया गुंडाळायला घेतल्या. तेव्हा त्यांनी विचारलं, "मगे दसऱ्याक काय करूचा?"

कुणीतरी म्हणालं, बचत गटाकडून जेवण मागवा. त्यांना ते पटलं नाही. शेवटी ठरलं ते असं : वडे सासूबाई तळणार, नारळ मुलगा खवणणार, आणि सून पंगत वाढायला उभी राहणार नाही. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगतंय, म्हणाल्या.